परांचीवरचे पाहुणे

‘होसकोटे’ या कन्नड नावाचा अर्थ नवा कोट. बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेला निघाले की पंचवीस-तीस किलोमीटरांवर हे तालुक्याचे गाव लागते. सुगटूरच्या तम्मेगौडाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे कोट उभारला. कोटाचे महत्त्व केव्हाच सरले. ‘नवा’ हे विशेषण तेवढे गावाला चिकटून राहिले. मराठी वाचकाला हे गाव अगदीच परके वाटू नये. १६३८ नंतर विजापूर दरबाराकडून शहाजीराजांकडे जी जहागीर आली तीत बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे यांच्या जोडीने होसकोटेही होते. पुढे १७६८ च्या ऑगस्टमध्ये गुत्तीकर मुरारराव घोरपडे यांची छावणी याच गावाजवळ पडली असता हैदरअलीने तिच्यावर रात्रीचा छापा घातला. बाहेरून येऊन येथे तंबू ठोकणारी आणि काही दिवसांनी ते उपटून चालती होणारी माणसे या भूमीने अशी पुष्कळ पाहिली आहेत.

आजही येथे येणाऱ्यांची रीघ थांबलेली नाही. बंगळूर पसरत पसरत येथवर येऊन पोहोचले आहे. स्वीडिश व्होल्वो कंपनीचा मालमोटारींचा कारखाना १९९८ मध्ये येथे सुरू झाला. त्याच्या मागून इतर कारखाने आणि गोदामे आली. शेजारचा मालूर तालुका विटाकौलांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे बांधकामाच्या मालाला तोटा नाही. आणि बांधणारे हात? ते यादगीर, रायचूर, कलबुर्गी या कोरड्या जिल्ह्यांतून येतात. अलीकडे बिहार-ओडिशातूनही येतात. अर्धवट उभ्या इमारतीच्या पायथ्याशी निळे मेणकापड ताणून त्यांचे संसार मांडलेले असतात. इमारत पुरी झाली की संसार पुढच्या पायाकडे सरकतो. परगावी जाऊन बांधकाम करणारी ही माणसे. परंतु त्यांच्या या प्रवासाला ‘सेवायात्रा’ म्हणण्याचे कोणाला सुचलेले नाही.

या मजुरांच्या परांचीवर कधीकधी दुसऱ्या प्रकारचे परदेशी येऊन उभे राहतात. दक्षिणेतील ख्रिस्ती संस्थाजीवनाचे बंगळूर हे एक मोठे केंद्र आहे. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक या दोन्ही परंपरांची विद्यालये, रुग्णालये आणि आश्रम शहरात व शहराच्या कडेला आहेत. अमेरिकेतल्या, कोरियातल्या किंवा युरोपातल्या एखाद्या चर्चची मंडळी वर्षभर आपसांत निधी जमवतात, आणि पंधरवड्याची रजा काढून दहा-पंधरा जणांची तुकडी परदेशी बांधकामाला निघते. कोठे शाळेची एक खोली, कोठे अनाथालयाचे स्वच्छतागृह, कोठे छोटे प्रार्थनामंदिर. तुकडीत निवृत्त शिक्षिका असते, बँकेतला अधिकारी असतो, महाविद्यालयात जाणारी मुले असतात. हातात थापी यापूर्वी धरलेला क्वचित एखादाच. सकाळी प्रार्थना, मग काम, दुपारी पोटाची तक्रार, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना आणि गाणी, असा दिनक्रम. शेवटच्या दिवशी भिंतीपाशी एकत्र छायाचित्र काढले जाते.

या यात्रांची चेष्टा करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळांनी, खुद्द ख्रिस्ती समाजातल्या विचारवंतांनीही, केलेली आहे. हिशेब उघडच आहे. एका माणसाच्या विमानभाड्यात गावचा गवंडी कित्येक महिने कामाला लावता येईल. शिवाय त्याची भिंत सरळ असेल. पाहुण्यांनी दिवसा रचलेले थर मिस्त्री रात्री ओळंबा लावून पाहतो आणि वाकडे निघाले तर मुकाट्याने उतरवून पुन्हा रचतो, अशा गोष्टी देशोदेशी सांगितल्या जातात. शब्दशः खऱ्या असोत वा नसोत, त्यांतले मर्म खरे आहे. ज्या देशात बेकार हातांची वाण नाही तेथे हात आयात करण्यात तर्क नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा आक्षेप बिनतोड म्हणावा लागेल.

परंतु अर्थशास्त्राचा हिशेब मांडला की विषय संपला असे मानणे हा एक प्रकारचा आळस होय. वारकरी पायी पंढरीला जातो तेव्हा एसटीचे भाडे आणि पायपिटीचे तास यांचा ताळा कोणी घेत नाही. विसाव्या शतकातील सेवेचा इतिहास पाहिला तर असे दिसते, की परक्या माणसाने येऊन वीट रचण्याला कधी फार मोठा अर्थ आला आणि कधी काहीच अर्थ आला नाही. हा फरक विटांच्या संख्येने पडलेला नाही. मग तो कशाने पडला हे पाहिले पाहिजे.

या प्रकारच्या श्रमयात्रांचा एक उगम पहिल्या महायुद्धाच्या राखेत आहे. पिएर सेरेझोल हा स्विस अभियंता. वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. मुलगा मात्र शांततावादासाठी तुरुंगात जाणारा आणि पुढे क्वेकर पंथ स्वीकारणारा. १९२० मध्ये वेर्दूनजवळच्या एन या उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यात त्याने मूठभर मित्र जमवून घरे आणि रस्ते दुरुस्त करण्याचे काम सुरू केले. त्या मित्रांत जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी गाव जमीनदोस्त झाले त्यांच्याच देशाचे तरुण ते पुन्हा बांधावयास आलेले! काही महिन्यांतच विरोधामुळे त्यांना गाव सोडावे लागले. भिंतींच्या हिशेबाने हा प्रयोग फसलाच. तरीही त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली. ती कोणत्याही चर्चची नव्हे. पण तिच्या मुळाशी डोंगरावरील प्रवचनाची ओल होती, हे नाकारता येणार नाही. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने बिहार उद्ध्वस्त झाल्यावर सेरेझोल काही सोबत्यांसह भारतात आला. गांधीजींना भेटला, राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी त्याने स्वतःला जोडून घेतले आणि मुझफ्फरपूरच्या परिसरात खेडी नव्या जागी वसवण्याच्या कामात घाम गाळला. त्याने एक गोष्ट जाणीवपूर्वक पाळली, ती म्हणजे ज्यांचे घर त्यांच्याबरोबर, त्यांच्या पद्धतीने आणि त्यांच्या देखत काम करणे.

याच संघटनेचे तरुण पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात विदर्भात वरोड्याला आले. महाराष्ट्रातील हा प्रसंग या विषयाचा कळसच म्हणावा लागेल. म्हणून त्यापाशी थोडे थांबले पाहिजे. १९५१ मध्ये बाबा आमटे आणि साधनाताई दोन लहान मुलांना घेऊन, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोड्याजवळच्या खडकाळ, झुडपी रानात राहावयास गेले. विंचू-साप आणि पाण्याचे दुर्भिक्ष यांना तोंड देत त्या माणसांनी विहिरी खणल्या, झडलेल्या बोटांनी वाफे केले, भाजी पिकवली. भाजी उत्तम आली. परंतु वरोड्याच्या बाजारात ती घेईना कोणी. महारोग्याच्या हातची वांगी! भूमीने या माणसांना स्वीकारले होते, पण गावाच्या मनात त्यांना अजून जागा नव्हती.

अशा स्थितीत निरनिराळ्या देशांतील सुमारे पन्नास तरुण-तरुणी आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी विटा वाहिल्या, गारा कालवला, दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या. आनंदवनाला पक्क्या भिंती मिळाल्या, आणि त्या गरजेच्याही होत्या. पण वरोडेकर रोज कुतूहलाने पाहावयास येत ते इमारतीपेक्षा या पाहुण्यांना. ही गोरी, सुशिक्षित मुले महारोग्यांच्या वसाहतीत झोपतात. त्यांनी पिकवलेली भाजी खातात. तेथल्याच विहिरीचे पाणी पितात. आणि त्यांना काही होत नाही. डॉक्टरांनी शास्त्राधारे जे वर्षानुवर्षे सांगितले असते ते एका पंगतीने सांगून टाकले. हळूहळू आनंदवनाची भाजी वरोड्याच्या बाजारात विकली जाऊ लागली.

या घटनेचे नेहमी केले जाणारे वर्णन असे, की परदेशी स्वयंसेवकांनी आनंदवनाला इमारती दिल्या. ते खरे असले तरी अपुरे आहे. त्यांनी दिले त्याहून त्यांनी *घेतले* हे अधिक महत्त्वाचे होते. ज्यांच्या हातचे कोणी घेत नव्हते त्यांच्या हातचे त्यांनी घेतले. आपल्या समाजात तर या ‘हातच्या’ देण्याघेण्यावर सगळी उतरंड उभी आहे. कोणाकडून पाणी चालते आणि कोणाकडून चालत नाही, यावरून येथे माणसाची पायरी ठरत आली. दान वरून खाली सहज वाहते. त्याला उतार अनुकूल असतो. खालच्या पायरीवरून आलेले ताट वरच्याने हातात घ्यावयाचे तर उतारच मोडावा लागतो. वरोड्याच्या त्या मुलांना जातीची ही बाराखडी ठाऊक होती की नाही, कोण जाणे. बहुधा नसावी, आणि तेच बरे झाले.

मराठी ख्रिस्ती परंपरेला घेण्यादेण्याचा हा पेच जुनाच आहे. नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनच्या चाकरीत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली. मिशनऱ्यांशी त्यांचे स्नेह जिव्हाळ्याचे होते. तरीही १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ या आपल्या स्वतंत्र कल्पनेच्या मागे लागले. पगार देणारा आणि पगार घेणारा यांच्यात बंधुभावाचे कितीही शब्द बोलले गेले तरी वही मध्ये येतेच, हे त्या कवीला पुरते कळलेले दिसते. परदेशी पैशाभोवती आज जे संशय आहेत, १९७६ आणि २०१० चे परकीय देणग्यांचे कायदे, विटेआड धर्मांतर दडले आहे काय ही कुजबुज, त्यांतला राजकीय भाग वेगळा काढला तरी एक प्रश्न उरतो आणि तो टिळकांनी स्वतःच्या आयुष्यावर करून पाहिला होता. ज्याला कधीच काही देता येत नाही त्याने पाहुण्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवावा?

उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्राजवळ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली, आणि देशविदेशांतून मदतीचा ओघ सुरू झाला. बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. निरनिराळ्या संस्थांनी गावे वाटून घेतली आणि ज्याने त्याने आपल्या समजुतीची घरे उभारली. घरे मजबूत होती. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण सरळ रेषांत आखलेल्या त्या वसाहतींत ओसरी कोठे, ढोरांचा गोठा कोठे, भावकीची लगट कोठे, हे विचारावयास वेळ कोणाला होता? देणारे पुष्कळ आले होते. लातूर-उस्मानाबादच्या शेतकऱ्याकडून काही शिकून घेणारे थोडे निघाले.

चर्चच्या प्रेरणेतून निघालेल्या बांधकामसेवेने हा धोका ओळखला नव्हता असे नाही. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था १९७६ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने स्थापिली. तिचा पाया उघडपणे ख्रिस्ती असला तरी घर फुकट द्यावयाचे नाही, हा तिचा नियम. घरमालकाने स्वतः अंगमेहनत करावयाची आणि घराची किंमत सुलभ हप्त्यांनी फेडावयाची. मदत घेणाऱ्याला ऋणको करणे हे वरवर निष्ठुर वाटते. वस्तुतः त्यात त्याचा मान राखलेला आहे. २००६ च्या ऑक्टोबरअखेर या संस्थेने लोणावळ्याजवळ मळवलीच्या परिसरात एका आठवड्यात शंभर घरे उभारण्याचा उपक्रम केला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर पत्नीसह तेथे हातोडी-थापी घेऊन उभे होते. वय ब्याऐंशी. देशोदेशींचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक होते. ब्रॅड पिट हा चित्रपटनट येऊन गेला, आणि साहजिकच वर्तमानपत्रांना विटांपेक्षा तो अधिक आवडला.

कार्टर यांच्या घराण्याचा मराठी भूमीशी संबंध त्याआधीचा होता. त्यांच्या आई लिलियन कार्टर परिचारिका. १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्या ‘पीस कोअर’मधून भारतात आल्या आणि मुंबईच्या विक्रोळीत कामगारवस्तीच्या दवाखान्यात जवळजवळ दोन वर्षे राबल्या. तेव्हा त्यांचा मुलगा कोणी नव्हता आणि भोवती छायाचित्रकार नव्हते. त्यांनी घरी धाडलेली पत्रे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. आठवड्यात शंभर घरे हा पराक्रम खराच. परंतु आई आणि मुलगा यांच्या सेवेची तुलना करावयाची झाल्यास पारडे विक्रोळीकडे झुकते. पंधरा दिवसांचा पाहुणा यजमानाला भेटतो तो सणाच्या कपड्यांत. दोन वर्षे राहणाऱ्याला यजमानाचे भांडणही दिसते, कंटाळाही दिसतो, आणि केव्हातरी स्वतःच आजारी पडून त्याच्याकडून पेज करून घ्यावी लागते.

मळवलीच्या नावाने आणखी एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. तेथून जवळच कार्ल्याचे चैत्यगृह आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेण्यातील कित्येक खांबांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, आणि त्यांत धेनुकाकट येथील यवनांची नावे आहेत. परकीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसांनी येथील प्रार्थनास्थळाला एकेक खांब दिला. तेथेच धेनुकाकटच्याच सामी नावाच्या एका सुताराचे नाव प्रवेशद्वाराच्या कामासाठी कोरलेले आहे. खांबाचे पैसे देणारा आणि दार घडवणारा यांना एकाच लिपीत, एकाच दगडावर जागा मिळाली. अलीकडे चर्चच्या नव्या खोलीवर बसवल्या जाणाऱ्या संगमरवरी पाट्या पाहिल्या तर सामीचे वंशज त्यांवर सहसा सापडत नाहीत. मंदिरांच्या आणि शाळांच्या पाट्यांवरही ते सापडत नाहीत, हेही येथेच म्हटले पाहिजे.

अशा तुकड्यांना स्फूर्तीसाठी जुन्या करारातील नहेम्याचे पुस्तक फार प्रिय असते. यरुशलेमचा पडलेला तट नहेम्याने बावन्न दिवसांत बांधून घेतला, ही ती कथा. प्रवचनांत नहेम्याची जिद्द येते, शत्रूंचा उपहास येतो, एका हातात शस्त्र आणि एका हातात काम येते. तिसरा अध्याय मात्र बहुधा वगळला जातो, कारण तो वाचावयास रूक्ष आहे. ती नुसती यादी आहे. कोणी कोठून कोठवर तट बांधला त्याची. त्या यादीत याजक आहेत, सोनार आहेत, अत्तरे करणारे आहेत, आपल्या मुलींना घेऊन आलेला एक अधिकारीही आहे. गवंडीकाम न येणारी ही सगळी माणसे होती, म्हणजे अडाणी हातांच्या तुकडीला बायबलचा आधार आहेच. परंतु त्या यादीत काहींविषयी एक शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतो, तो असा की त्यांनी ‘आपल्या घरासमोर’ बांधले. भिंत कोसळली असती तर ती त्यांच्याच अंगणात. परदेशी जाऊन बांधणाऱ्याला नेमके हेच मिळू शकत नाही. त्याचे घर सात समुद्रांपलीकडे असते.

आणि तरीही होसकोट्याच्या परांचीवर जे घडते त्यात काही हाती लागण्यासारखे आहे. घमेल्यांची साखळी लागते. खाली गारा कालवणारी बाई, मध्ये परदेशी मुलगी, वर मिस्त्री. गंमत अशी, की ‘मिस्त्री’ आणि ‘घमेले’ हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगिजांबरोबर आले. ‘पाद्री’ही त्याच गलबतातून उतरला. कन्नड बाई त्याच भांड्याला ‘बांडली’ म्हणते. ती मुलगी पहिल्या तासात ‘बेकु’ आणि ‘साकु’, हवे आणि पुरे, हे दोन शब्द शिकते, आणि बांधकामाला तेवढे शब्द पुरतात. घमेले किती भरावे, पाठ कशी न वाकवता उचलावे, चुंबळ कशी वळावी, हे बाई हाताने दाखवते. मुलीचे घमेले सांडते, बाई हसते. पाहुण्यांपुढे कष्टकरी बाईला असे मोकळे हसू येणे ही आपल्याकडे क्वचित घडणारी गोष्ट. एरवी जिच्या कामाला ‘बिगारी’ यापलीकडे नाव नाही तिला त्या क्षणी एक शिष्या मिळालेली असते. दुपारच्या सुट्टीत बाईने आपल्या डब्यातला मुद्दा आणि सारू पुढे केला, आणि पोटाची भीती बाजूला ठेवून मुलीने तो घेतला, तर वरोड्याच्या पंगतीशी नाते सांगणारे काही तेथे घडते. तुकडीच्या पुढाऱ्याने बाटलीतले पाणी आणि वेगळे जेवण यांची चोख व्यवस्था केलेली असली, तर ते घडत नाही. आरोग्याच्या दृष्टीने पुढाऱ्याचे बरोबरच असते.

पंधरवडा संपतो. हार घातले जातात, मुले नाच बसवतात, गाडी विमानतळाकडे निघते. नवी भिंत अजून ओली असते. सिमेंटच्या कामाला पुढे निदान आठवडाभर रोज पाणी मारावे लागते. नाहीतर ऊन लागून तडे जातात. ते काम थापीचे नाही, प्रार्थनेचेही नाही, आणि त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. मेणकापडाच्या खोपटातली तीच बाई सकाळ-संध्याकाळ पिंपातून बादली भरून आणते आणि भिंतीवर उडवते. तिच्या नवऱ्याला पुढच्या कामावरून, मालूर रस्त्यावरच्या एका गोदामावरून, बोलावणे आलेले असते. पण पाणी मारून होईपर्यंत त्यांना येथेच थांबावे लागते.